सीएनसी राउटरची देखभाल: आधी साफसफाई, मग ग्रीस, बेडला हात सगळ्यात शेवटी

लाकूड, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) आणि अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या राउटरच्या, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग-कोरीव मशीनच्या, तक्रारी ठरलेल्या असतात. जाळीतली भोकं गोल येत नाहीत, शटर गुण्यात (काटकोनात) बसत नाही, कोरीव काम एका कोपऱ्यात खोल आणि दुसऱ्यात उथळ जातं, स्पिंडल (कापणारा बिट फिरवणारी मोटर) तापतो. मेंटेनन्स कधी केला, या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं असतं: "परवाच ग्रीस मारलं की."

ग्रीस मारलेलं असतं, पण भुशावर. बेड (माल ठेवायचा पृष्ठभाग) प्लेन केलेला असतो, पण स्पिंडल तिरका असताना. कंट्रोलरमधले पल्स (एक मिमी सरकायला मोटरला किती ठोके द्यायचे तो आकडा) बदललेले असतात, पण पिनियनचा (मोटरवरच्या दातेरी चाकाचा) बोल्ट ढिला असताना. प्रत्येक काम आपापल्या जागी बरोबर असतं, चुकतो तो क्रम. क्रम चुकला की एका दोषावर दुसरा दोष चढतो आणि मूळ दोष सापडेनासा होतो.

पुढचं सगळं आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या ४ बाय ८ फुटी मशीनसाठी आहे: सुमारे १३०० × २५०० मिमीचा बेड, आडवा एक्स, लांबीचा वाय, दोन्हींना रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि चाक), वर-खालच्या झेडला बॉल स्क्रू, ईआर कोलेटचा (बिट पकडणाऱ्या फटींच्या नळीचा) स्पिंडल आणि त्याचा वेग ठरवणारा व्हीएफडी. गॅन्ट्रीला (स्पिंडल धरून वायवर सरकणाऱ्या पुलाला) दोन्ही बाजूंनी एकेक मोटर. तुमचं मशीन लहान असलं तरी क्रम हाच.

## तयारी

काम दोन भागांत विभागा. पहिल्या भागाला वीज लागत नाही, दुसऱ्याला लागते. पिंपरी-भोसरी पट्ट्यात गुरुवारी लाइट जाते, तेव्हा कारागीर रिकामे बसतात. पहिला भाग त्या वेळेत उरकतो.

हाताशी ठेवा:

- व्हॅक्यूम क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश. जुना दात घासायचा ब्रशही चालतो.
- धागे न सुटणारं सुती कापड. जुनं धोतर उत्तम. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे रेलवर सरकणाऱ्या ब्लॉकच्या सीलमध्ये अडकतात.
- ग्रीस गन आणि एनएलजीआय २ ग्रेडचं (ही घट्टपणाची प्रत) लिथियम ग्रीस.
- ०.०१ मिमीपर्यंतचा फरक काट्याने दाखवणारं डायल गेज, मॅग्नेटिक बेससह.
- व्हर्नियर, चांगली स्टील टेप, अ‍ॅलन कीचा संच, कोलेटचे दोन्ही पाने.
- मास्क. लाकडाची धूळ हा कर्करोगकारक पदार्थ म्हणून जागतिक यादीत पहिल्या गटात आहे आणि एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडचा राळही असतो. नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही, एन-९५ वापरा.

लाइट असतानाच एक काम करून ठेवा. कंट्रोलरच्या सगळ्या पॅरामीटरचे मोबाइलवर फोटो काढा: पल्स, वेग, अ‍ॅक्सिलरेशन, होमची (मशीन मोजायला सुरुवात करतं त्या जागेची) दिशा आणि ऑफसेट. व्हीएफडीचे मुख्य पॅरामीटरही टिपून घ्या. कंट्रोलर उडाल्यावर हे आकडे कोणाकडेच नसतात आणि मशीन चांगलं असूनही आठवडा वाया जातो.

## भाग पहिला: वीज बंद

### १. झेड टेकवा, मग मेन बंद करा

स्पिंडलमधला बिट काढा. बेडवर लाकडी ठोकळा ठेवून झेड त्यावर अलगद टेकवा. झेडच्या मोटरला ब्रेक नसेल तर वीज गेल्यावर जड स्पिंडल आपोआप खाली घसरतो, आणि नेमका तेव्हाच कोणाचा तरी हात खाली असतो.

त्यानंतर पॅनेलचा मेन एमसीबी पाडा आणि शक्य असेल तर त्याला कुलूप लावा.

सावधान: लाल इमर्जन्सी बटण दाबलं म्हणजे वीज बंद झाली असं नाही. बऱ्याच मशीनमध्ये ते बटण फक्त हालचाल थांबवतं आणि व्हीएफडीच्या टर्मिनलवर वीज तशीच असते. एमसीबी पाडल्यावरही व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. पॅनेलमध्ये हात घालण्याआधी किमान १० मिनिटं जाऊ द्या.

### २. भुसा ओढून काढा, उडवू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कंप्रेसरची नळी घेऊन मशीनभर हवा मारायची ही वर्कशॉपमधली सर्वांत सोयीची आणि सर्वांत महागडी सवय. ६-७ बार दाबाची हवा एमडीएफची पिठासारखी धूळ ब्लॉकच्या सीलखाली, सेन्सरच्या फटीत आणि मोटरच्या कनेक्टरमध्ये ठासते. वरून मशीन चकाचक दिसतं.

वरून खाली या. आधी गॅन्ट्रीचा माथा आणि ड्रॅग चेन (वायरी वाहणारी साखळी), मग झेडची प्लेट, मग एक्सच्या रेल, शेवटी वायच्या रेल आणि बेडची खालची बाजू. ब्रशने सुटं करा आणि लगेच व्हॅक्यूमने ओढा. टी-स्लॉटमध्ये (बेडवरच्या क्लॅम्पच्या खाचांमध्ये) अडकलेले लाकडाचे तुकडे पट्टीने उकरून काढा. क्लॅम्पचा नट तिरका बसून जॉब हलतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

डस्ट कलेक्टरची पिशवी आजच झटका, पण वर्कशॉपच्या बाहेर. लाकडाची बारीक धूळ हवेत पसरली की ठिणगीने पेट घेते. शेजारी वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालू असेल तर ते आधी थांबवा. कलेक्टरच्या प्लॅस्टिक पाइपात स्थिर वीज साठते. पाइपातली तार दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेली आहे का ते पाहा. हातातला कंट्रोलर मध्येच अडकतो, जॉब अर्ध्यात थांबतो, अशा वेळी लोक थेट कंट्रोलर बदलतात. बऱ्याचदा दोष या सुटलेल्या तारेत असतो.

तपासणी: पांढरं कापड रेलवरून एकदा फिरवा. त्यावर ग्रीसचा तपकिरी डाग आला तर ठीक. दाणेदार कचरा आला तर साफसफाई अजून बाकी आहे, पुढे जाऊ नका.

### ३. गाइड रेल आणि ब्लॉक

रेलवरचं जुनं, काळं पडलेलं ग्रीस कापडाने पूर्ण पुसून काढा. चिकटून बसलं असेल तर कापड रॉकेलमध्ये किंचित ओलं करा. रॉकेल रेलवर ओतू नका, ते ब्लॉकमध्ये उतरून आतलं चांगलं ग्रीसही पातळ करतं. गंज सोडवायचे स्प्रे इथे नकोत. त्यांनी रेल चकचकीत होते आणि दोन दिवसांत कोरडी पडते.

आता ग्रीस. रेलवर बोटाने थापलेलं ग्रीस ब्लॉकच्या आत जातच नाही, तो फक्त भुसा धरायचा सापळा होतो. ग्रीस जातं ते ब्लॉकच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोटीतून). निपल आधी पुसा, नाहीतर निपलवरची धूळ तुम्ही स्वतःच आत ढकलाल. गन लावा, एक-दोन दाब द्या, गॅन्ट्री हाताने फूटभर पुढे-मागे न्या, पुन्हा दाब द्या. सीलच्या कडेने नव्या ग्रीसची बारीक रेघ दिसली की थांबा. बाहेर आलेलं जास्तीचं पुसून टाका.

मशीनवर एकूण १२ ब्लॉक असतील: प्रत्येक अक्षावर चार. झेडचे मागचे ब्लॉक हाताला येत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं कोरडे राहतात. झेड खाली टेकलेला आहे तोवर वरचे करा, लाइट आल्यावर झेड वर नेऊन खालचे.

ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम असलेलं काळं ग्रीस या ब्लॉकमध्ये घालू नका, ते ट्रकच्या सांध्यांसाठी चांगलं. एकदा जे ग्रीस निवडलं तेच पुढे चालू ठेवा. दोन जातींची ग्रीस एकत्र आली की कधी घट्ट होतात, कधी पाण्यासारखी वाहतात.

काही मशीनला बाजूला हँडल ओढायचा ऑइल पंप असतो. तसा असेल तर टाकीत ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइलच घाला. त्यात ग्रीस भरल्याने बारीक नळ्या कायमच्या बुजतात. हँडल ओढलं म्हणजे तेल पोचलं असंही नाही. प्रत्येक ब्लॉकपाशी जाऊन रेलवर ओल दिसते का ते पाहा.

किती दिवसांनी? रेल बनवणाऱ्या कंपन्या साधारण १०० किमी धाव किंवा ३ ते ६ महिने असं सांगतात, पण तो हिशोब स्वच्छ जागेचा आहे. एमडीएफ रोज कापत असाल तर महिन्यातून एकदा.

तपासणी: वीज बंद असतानाच गॅन्ट्री दोन्ही हातांनी सावकाश एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ढकला. गिअरबॉक्समुळे ती जड लागेल, ते चालेल. जडपणा सगळीकडे सारखा हवा. एका ठिकाणी दाणा लागल्यासारखं अडखळलं तर तिथे खूण करा. रेलवर ओरखडा असेल किंवा ब्लॉकमधला बॉल फुटला असेल.

### ४. रॅक, पिनियन, बॉल स्क्रू

रॅकच्या दातांच्या खाचेत भुसा आणि ग्रीस मिळून खडकासारखा थर बसतो. पिनियन त्यावरून उचलला जातो आणि कापलेल्या सरळ रेषेत ठरावीक अंतरावर बारीक लाट दिसते. ब्रशने प्रत्येक दात मोकळा करा. अगदीच कडक झालं असेल तर बांबूची काडी घ्या, स्क्रूड्रायव्हर नको.

उघड्या रॅकवर जाड ग्रीस लावू नका. कापडावर पातळ तेल घेऊन दातांवर फक्त ओलसर हात फिरवा. भुशाच्या कामात रॅक थोडा कोरडा असलेला परवडतो, चिकट असलेला नाही.

पिनियनचा ग्रब स्क्रू, मोटरचे बोल्ट, गिअरबॉक्सचे बोल्ट, सगळे अ‍ॅलन कीने एकदा तपासा. ढिला सापडला तर नुसता आवळू नका. काढा, आटे पुसा, निळं थ्रेड लॉक लावा, मग आवळा. नुसता आवळलेला बोल्ट महिन्याभरात पुन्हा ढिला.

पिनियन रॅकवर दाबून बसवताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सगळे जण जॉबचा झीरो (सुरुवातीची जागा) एकाच कोपऱ्यात घेतात, त्यामुळे लहान जॉब कायम त्याच दोन-तीन फुटांत होतात आणि रॅक तिथेच जास्त झिजतो. त्या झिजलेल्या जागी पिनियन नेमका बसवला तर दुसऱ्या टोकाला, जिथे दात अजून नवे आहेत, तो आवळतो आणि मोटर स्टेप सोडते, म्हणजे सांगितलं तेवढी फिरत नाही. म्हणून आधी पूर्ण लांबीत फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधा आणि तिथे पिनियन बसवा. झिजलेल्या जागी जरा खेळ राहील. तो सहन होत नसेल तर रॅकचा तेवढा तुकडा बदलावा लागेल, आवळून उपाय होणार नाही.

बॉल स्क्रूचं काम थोडक्यात उरकतं: पुसा, नटच्या निपलमधून ग्रीस द्या, कपलिंगचे स्क्रू पाहा.

### ५. कोलेट, नट आणि स्पिंडलचं तोंड

कोलेट नटमधून काढा. पितळी ब्रशने आतून, बाहेरून आणि त्याच्या फटींमधून साफ करा. स्पिंडलच्या आतला शंकू थिनरच्या कापडाने पुसा. इथे पॉलिश पेपर चालणार नाही आणि तेलही नाही. हे भाग कोरडे आणि चमकते हवेत.

कोलेट नीट पाहा. तोंडाशी तपकिरी पट्टा पडला असेल तर बिट आत घसरत होता. कोलेट ही झिजणारी वस्तू आहे. लाकडावर रोज चालणारा कोलेट ४०० ते ६०० तासांनी बदलावा असा टूल बनवणाऱ्यांचा सल्ला असतो. आपल्याकडे तो तडकेपर्यंत चालतो आणि तोवर त्याने दहा-बारा महागडे बिट खाल्लेले असतात.

बसवायचा क्रम:

1. कोलेट आधी नटमध्ये, किंचित तिरका धरून. "कट्" असा आवाज येऊन तो खाचेत बसतो.
2. मग दोन्ही मिळून स्पिंडलवर एक-दोन आटे.
3. मग बिट. दांडा कोलेटच्या किमान ८० टक्के लांबीपर्यंत आत हवा, पण फ्लूट (बिटाच्या धारेच्या खाचा) कोलेटच्या आत जाता कामा नयेत.
4. शेवटी दोन पान्यांनी आवळा. पान्याला पाइप लावून आवळू नका.

कोलेट नुसता स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवला तर तो वाकडा बसतो, आणि नट सोडल्यावर आतच अडकून राहतो. पाव इंची दांडा ६.३५ मिमीचा असतो, तो ६ मिमीच्या कोलेटमध्ये ठोकून घालणारे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७, तो १२ मध्ये जात नाही. बिट नसताना नट घट्ट आवळून ठेवू नका, कोलेटचा आकार जातो.

तपासणी: सरळ, नवा गोल दांडा कोलेटमध्ये धरा. डायलचं टोक कोलेटपासून ५० मिमी खाली लावून स्पिंडल हाताने फिरवा. काटा ०.०३ मिमीच्या आत हलला तर उत्तम. ०.०५ च्या वर गेला तर दांडा काढून डायल थेट स्पिंडलच्या शंकूत आतून लावा. तिथे ०.०१ च्या आत असेल तर दोष कोलेटचा किंवा नटचा, म्हणजे काही शे रुपयांचा. शंकूतच जास्त असेल तर बेअरिंग गेलं. स्पिंडलचं बेअरिंग बाहेरून तेल घालून सुधारत नाही, उलट आतलं ग्रीस धुऊन जातं. तो स्पिंडलवाल्याकडेच पाठवा.

### ६. पॅनेल

पॅनेल आत्ता उघडायचं, साफसफाईच्या आधी नाही. नाहीतर मशीनवरचा भुसा उडून ड्राइव्हवर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) बसतो.

पंख्यांच्या जाळीतला फिल्टर झटका किंवा बदला. आतली धूळ मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढा. कंपनाने टर्मिनलचे स्क्रू ढिले होतात. एमसीबी, व्हीएफडीचं इनपुट-आउटपुट, ड्राइव्हचा सप्लाय, सगळे स्क्रूड्रायव्हरने एकेकदा दाबून पाहा. वायरचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवा लग लावा.

लाइट आल्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मीटरने मोजून घ्या. ३ व्होल्टच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग दुरुस्त करा. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून पाणी घातलेलं नसतं, आणि मे महिन्यात ड्राइव्ह उगाचच अलार्म देऊ लागतात.

## भाग दुसरा: वीज चालू

### ७. कूलिंग आणि स्पिंडल गरम करणं

पाण्याने थंड होणारा स्पिंडल असेल तर टाकीत डिस्टिल्ड वॉटर, हवं तर त्यात इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट. बोअरचं पाणी घातलं की स्पिंडलच्या आतल्या बारीक वाटांमध्ये क्षार बसतात आणि ते नंतर बाहेरून काढता येत नाहीत. टाकी झाकलेली ठेवा, उन्हात शेवाळ धरतं. स्पिंडल सुरू करण्याआधी परतीच्या नळीतून पाण्याची धार येते का ते डोळ्यांनी पाहा. पंपाचा आवाज येतोय म्हणजे पाणी फिरतंय असं समजू नका.

स्वस्तातला सीडब्ल्यू-३००० चिलर म्हणजे खरं तर पंखा आणि रेडिएटर. तो पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे शेडमध्ये ४५ अंश असताना त्याच्याकडून थंडाव्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तिथे कंप्रेसरवाला चिलर घ्या किंवा जड कटिंग सकाळी उरका. कोकणात उलटी अडचण: पावसाळ्यात चिलर फार थंड ठेवला तर स्पिंडलच्या आत दव धरतं. तापमान खोलीइतकंच ठेवा.

हवेने थंड होणाऱ्या स्पिंडलला फक्त पंख्याची जाळी साफ हवी.

मग स्पिंडल बिटाशिवाय, नट काढून, मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर ५ मिनिटं, १२,००० वर ५, १८,००० वर ५. रोज सकाळी पहिल्या जॉबआधीही हेच. थंड बेअरिंगला थेट २४,००० वर नेलं की ग्रीस पसरायच्या आत ते घासतं.

सावधान: व्हीएफडीमधली कमाल फ्रिक्वेन्सी स्पिंडलवरच्या पाटीशी जुळवा. दोन पोलच्या मोटरला ४०० हर्ट्झवर २४,००० फेरे मिळतात, ३०० वर १८,०००. बदललेल्या व्हीएफडीमध्ये फॅक्टरीची ५० हर्ट्झची सेटिंग तशीच राहून स्पिंडल जळाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

### ८. गॅन्ट्री गुण्यात आणा

होम मारा. बेडवर टाकाऊ एमडीएफ घट्ट बांधा आणि १२०० × २४०० मिमी आयताच्या चार कोपऱ्यांवर ६ मिमीची भोकं पाडा. दोन्ही कर्ण मोजा. भोकाच्या मध्यापासून मोजायच्या फंदात पडू नका, दोन्ही वेळा भोकाच्या त्याच बाजूच्या कडेपासून मोजा.

बरोबर कर्ण २६८३.३ मिमी येतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे असणं महत्त्वाचं. फरक आला तर त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त इतकी गॅन्ट्री तिरकी आहे: २ मिमी फरक म्हणजे १२०० मिमी रुंदीवर एक टोक सुमारे १.१ मिमी पुढे. जवळच्या डाव्या भोकापासून दूरच्या उजव्यापर्यंतचा कर्ण मोठा असेल तर उजवी बाजू पुढे गेली आहे.

दोन्ही बाजूंना वेगळे होम सेन्सर असतील तर एका बाजूचा सेन्सर किंवा ऑफसेट तेवढा सरकवा. एकच सेन्सर असेल तर एका बाजूची मोटर सैल करून गॅन्ट्री हाताने ओढा आणि पुन्हा आवळा. मग पुन्हा होम, पुन्हा भोकं, थोडी बाजूला. पहिल्या फटक्यात जमत नाही.

होम एकसारखं लागतंय का तेही आत्ताच पाहा. डायल एका जागी ठेवून चार-पाचदा होम मारा. काटा प्रत्येक वेळी वेगळीकडे थांबत असेल तर सेन्सरवर धूळ आहे किंवा त्याचा नट ढिला आहे.

### ९. स्पिंडल काटकोनात

इथे जवळजवळ सगळे जण डायल थेट बेडवर टेकवून स्पिंडल सरळ करतात. पण बेड आधीच खड्ड्या-खड्ड्यांचा झालेला असतो. स्पिंडल काटकोनात हवा तो मशीनच्या हालचालीच्या पातळीला, जुन्या बेडला नाही.

म्हणून ६ मिमीच्या बिटने बेडवर चार लहान चौकोनी खळगे पाडा: साधारण ३०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. चारही एकाच झेड खोलीला, १ मिमी पुरे. बिट बारीक असल्याने स्पिंडल तिरका असला तरी खळग्यांच्या तळाला फारसा फरक पडत नाही. आता हे चार तळ म्हणजे हालचालीची खरी पातळी.

बिट काढा. स्पिंडलमध्ये १५० मिमीचा आडवा हात धरा, त्याच्या टोकाला डायल. व्हीएफडीचा एमसीबी पाडून स्पिंडल हाताने फिरवा. प्रत्येक खळग्यात एकच पातळ, सपाट स्टीलचा तुकडा ठेवून त्यावर वाचन घ्या. एमडीएफचे तंतू फसवतात, तुकडा फसवत नाही.

डावी-उजवीचा फरक स्पिंडलचं ब्रॅकेट सैल करून फिरवून घालवा. पुढे-मागेचा फरक ब्रॅकेट आणि झेड प्लेटच्या मध्ये पितळी शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून. ३०० मिमीवर ०.१ मिमीच्या आत आलं की पुरे. तेवढ्या फरकाने ६० मिमीच्या कटरला ०.०२ मिमीची पायरी पडते, ती बोटाला लागत नाही.

बोल्ट आवळताना स्पिंडल हमखास हलतो. शेवटचं वाचन सगळे बोल्ट आवळल्यावरच घ्या.

### १०. बेड प्लेन करा

आता, आणि आत्ताच. ८ आणि ९ व्या टप्प्याआधी बेड प्लेन केला असता तर पुन्हा करावा लागला असता, आणि प्रत्येक वेळी एमडीएफची जाडी जाते.

बेडवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा. बेडमधले स्क्रू किती खोल आहेत ते एकेक पाहा. स्टीलच्या स्क्रूवर कटर गेला तर कटरही जातो आणि ठिणगी थेट डस्ट पाइपात. ५० ते ६० मिमीचा सरफेसिंग कटर घ्या, त्यावर लिहिलेल्या कमाल फेऱ्यांच्या आत राहा, ०.३ ते ०.५ मिमी खोली. ज्या भागात रेघा शिल्लक राहतील तो भाग खोल आहे, सगळ्या रेघा जाईपर्यंत दुसरा हात द्या.

व्हॅक्यूम बेड (हवा ओढून माल धरणारा) असेल तर एमडीएफच्या दोन्ही बाजू प्लेन करा, कारण वरखालचा कडक थर हवा अडवतो. चारही कडा मात्र रंगाने किंवा एज बँडने बंद करा. पंपाचा फिल्टर साफ करून, बेडवर लॅमिनेटची पूर्ण शीट टाकून गेजचा आकडा टिपून ठेवा. पुढे पकड कमी वाटली की पहिली तुलना त्याच आकड्याशी.

१८ मिमीचा बेड १० मिमीपर्यंत आला की बदला.

### ११. मापाची चाचणी

एकच पट्टी कापून "अर्धा मिमी कमी येतंय" म्हणत पल्स बदलणं ही शेवटची मोठी चूक. दोन तुकडे कापा: १०० मिमीचा आणि १००० मिमीचा.

दोन्हींत चूक तेवढीच असेल, म्हणजे १००.२ आणि १०००.२, तर दोष बिटच्या व्यासात किंवा पिनियनच्या खेळात आहे. धार लावून आणलेला ६ मिमीचा बिट ५.८ चा झालेला असतो आणि प्रोग्रॅममध्ये अजून ६ लिहिलेलं असतं. बिटचा खरा व्यास मोजा आणि तो टाका. चूक लांबीबरोबर वाढत असेल, म्हणजे १००.१ आणि १००१, तरच पल्सला हात लावा. नवा पल्स म्हणजे जुना पल्स गुणिले प्रोग्रॅमचं माप भागिले प्रत्यक्ष माप.

## किती दिवसांनी काय

रोज: व्हॅक्यूम, पाण्याची धार, स्पिंडल गरम करणं. प्रत्येक बिट बदलताना कोलेट आणि शंकू पुसणं. दर आठवड्याला टप्पा २, ४ आणि डस्ट कलेक्टर. महिन्याला १ ते ७. तीन महिन्यांनी, किंवा मशीनला कुठे ठोकर बसली असेल तर लगेच, ८ पासून शेवटपर्यंत.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्याकडे, मशीन दोन दिवस जरी बंद राहणार असेल तरी रेलवर तेलाचा पातळ हात फिरवून ठेवा आणि पॅनेलमध्ये सिलिका जेलची पिशवी टाका. एमडीएफचा बेड ओल धरून फुगतो, त्यामुळे जूनच्या आधी केलेलं प्लेनिंग ऑगस्टमध्ये धरून चालू नका.

खंडेनवमीला बहुतेक वर्कशॉपमध्ये मशीन धुऊन-पुसून पूजा होते. धुणं म्हणजे कापडानेच, पाण्याची बादली मशीनजवळ नको. हळद-कुंकू आणि अक्षता गॅन्ट्रीच्या दर्शनी पत्र्यावर वाहा. तांदळाचा दाणा रेलवर पडून ब्लॉकखाली गेला की दसऱ्यानंतरचा पहिला जॉब वाकडा येतो. हार ड्रॅग चेनला बांधू नका, आणि मशीन सुरू करण्याआधी तो काढलाय का ते पाहा.

वही मशीनलाच दोरीने बांधा. तारीख, चालू तास, कोणत्या ब्लॉकला ग्रीस दिलं, डायलचं वाचन, दोन्ही कर्ण, व्हॅक्यूमचा आकडा, आणि कोणी केलं त्याचं नाव. "सर्व्हिसिंग केली" एवढंच लिहिलेली ओळ ऑपरेटरकडून परत लिहून घ्या.